पांढऱ्या मासळीचे काप : खानदेशी पाकरीती

ज्या माशाचे मांस शिजल्यावर पांढरे होते व ज्यात चरबी थोडी असते, अशा माशाच्या कण्यापासून सोडवून घेतलेल्या बिनकाट्याच्या पट्ट्यांना पांढऱ्या मासळीचे काप म्हणता येईल. दुकानात त्यांना ‘फिले’ किंवा नुसते ‘बोनलेस’ म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात मासळी म्हणजे मुख्यतः तापीची आणि तिच्या उपनद्यांची मासळी. ती काट्यासकट तुकडे करून, भाजलेल्या मसाल्याच्या झणझणीत रश्शात शिजवण्याची तेथील जुनी रीत आहे. शहरांतून गोठवलेले काप मिळू लागल्यावर ते याच स्वयंपाकात शिरले. जेवायला पाहुणे असतील, पंगतीत लहान मुले व काट्याला भिणारी मंडळी असतील, तर काप सोयीचे पडतात. मात्र काट्याच्या तुकड्यांना जी रीत चालते ती कापांना जशीच्या तशी चालत नाही आणि पुष्कळ घरांतील रस्सा नेमका तेथेच बिघडतो.

माशाचे मांस पांढरे का असते, याचे उत्तर त्याच्या पोहण्यात आहे. बांगडा किंवा कुपा यांसारखे सतत पोहणारे मासे स्नायूंना लागणारा प्राणवायू मायोग्लोबिन या लाल रंगाच्या प्रथिनात साठवतात, म्हणून त्यांचे मांस गडद आणि तेलकट असते. एका जागी दबा धरून बसणाऱ्या व क्षणात झेप घेणाऱ्या माशाला ही साठवण फारशी लागत नाही. कॉड, हॅडॉक हे थंड समुद्रांतील मासे चरबी यकृतात साठवतात आणि त्यांचे मांस जवळजवळ कोरडे राहते. आपल्याकडच्या मरळीचे मांसही असेच पांढरे, घट्ट आणि कमी चरबीचे असते. तळ्यांत पाळल्या जाणाऱ्या पंगास माशाच्या कापात मधोमध तपकिरी-लालसर पट्टा दिसतो. वास सर्वांत जास्त त्यालाच येतो, म्हणून तो सुरीने खरवडून काढणे चांगले.

खानदेशात मिळणारी मासळी

तापीवर भुसावळजवळ हतनूर धरण आहे. पुढे सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशे येथे बंधारे आहेत. गुजरातेतील उकाई धरणाचे फुगवट्याचे पाणी नवापूर तालुक्यात, तर सरदार सरोवराचे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरदऱ्यांत पसरलेले आहे. गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर या नद्यांवरील धरणांतही मासेमारी चालते. भोई, कोळी आणि भिल्ल समाजांतील अनेक कुटुंबांचा हा व्यवसाय आहे. बाजारात रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाडा आणि तिलापिया हे मासे दिसतात. तिलापिया मूळचा आफ्रिकेतील. तो 1952 साली भारतात आणला गेला.

यांपैकी प्रत्येक माशाचे काप निघत नाहीत. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या स्नायूंत इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दुभंगलेले बारीक काटे रुतलेले असतात. कण्यापासून मांस सोडवले तरी हे काटे त्यातच राहतात आणि ते उपटायला गेल्यास मांसाचा चेंदा होतो, म्हणून या माशांचे आडवे तुकडेच करावेत. मरळ, तिलापिया व पंगास यांत ही अडचण नाही. मरळीचे काप महाग पडतात, परंतु रश्शात टिकाव धरण्यात त्यांची बरोबरी दुसरे नदीचे मासे करीत नाहीत. दुकानात ‘बासा’ या नावाने मिळणारे गोठवलेले काप पंगासाच्या कुळातील माशाचे असतात व ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नाजूक असतात. समुद्राची मासळी मुंबई आणि सुरतेकडून बर्फात घालून येते. तिच्यातील रावस आणि जिताडा यांचे काप बेताच्या आगीवर उत्तम होतात. पापलेट मात्र सबंध शिजवावा, त्याचे काप काढणे म्हणजे चांगल्या माशाची नासाडी करणे होय.

पूर्वतयारी

गोठवलेले काप आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात ठेवून सावकाश वितळू द्यावेत. गरम पाण्यात टाकल्यास बाहेरचे मांस सैल पडते आणि आतला बर्फ तसाच राहतो. पाकिटातील कापांवर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, त्यामुळे पाकिटावरच्या वजनापेक्षा हाती येणारे मांस कमी भरते. चार माणसांसाठी वितळल्यानंतरचे सुमारे 700 ग्रॅम मांस धरावे.

नदीच्या किंवा तळ्याच्या माशाला कधीकधी मातीचा वास येतो. पाण्यातील काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात साठते आणि पहिल्या पावसानंतर ओल्या मातीचा जो वास येतो तोच माशाला येतो. आम्लाने हे द्रव्य मोडते. जुन्या स्वयंपाकिणी माशाला लिंबू किंवा चिंचेचे पाणी लावतात ते याचसाठी. चिंचेच्या पातळ पाण्यात दहा मिनिटे ठेवून निथळलेले काप कोरड्या फडक्यावर टिपून घ्यावेत. त्यांना साधारण दोन लहान चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून 15 ते 20 मिनिटे ठेवावे. मिठाने वरचे मांस थोडे घट्ट होते आणि शिजताना काप सहसा फुटत नाहीत. लिंबू मात्र जास्त वेळ लावून ठेवू नये. आम्लाने मांस आचेवाचूनच पांढरे पडते आणि नंतर शिजवले की भुसभुशीत होते.

आच आणि वेळ

माशाच्या स्नायूंचे थर पातळ पडद्यांनी जोडलेले असतात. या पडद्यांतील कोलॅजेन जनावराच्या मांसातल्या कोलॅजेनपेक्षा पुष्कळ कमी आचेवर विरघळते, म्हणून मटण तासभर रटरटत ठेवावे लागते आणि मासा काही मिनिटांत सुटतो. कापाच्या गाभ्यातील तापमान 63 अंश सेल्सिअसला पोहोचले की तो पूर्ण शिजला असे मानतात. त्यापुढे प्रथिने आकसतात, आतले पाणी बाहेर पडते आणि तेच पांढऱ्या साक्यासारखे कापाच्या कडांवर जमते. तो साका दिसला म्हणजे आच जास्त झाली. अडीच सेंटिमीटर जाडीच्या कापाला एकूण दहा मिनिटे हा ढोबळ हिशेब बहुतेक रीतींना लागू पडतो.

तापमापक नसला तरी डोळ्यांना कळते. कच्च्या कापाचा रंग भिजवलेल्या साबुदाण्यासारखा अर्धपारदर्शक असतो. शिजताना कडेपासून आत दुधाळ रंग सरकत जातो आणि मधली काचेसारखी रेघ बारीक होत होत नाहीशी होते. त्या वेळी सुरीचे टोक मध्यभागी हलकेच खुपसून तिरपे केल्यास मांसाचे थर पोथीच्या पानांसारखे एकमेकांवरून घसरतात. थर घसरण्याऐवजी चिकटून ताणले गेले तर आणखी एखादा मिनिट द्यावा. गोड्या पाण्यातील माशात परजीवी असू शकतात, म्हणून तो अर्धकच्चा ठेवू नये.

रस्सा

खानदेशी मसाल्याला त्याचा काळा रंग मुख्यतः भाजण्यातून येतो. खानदेशच्या अहिराणी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे गावाकडे तो ‘काया’ मसाला होतो. दोन मध्यम कांदे सालीसकट निखाऱ्यात किंवा गॅसच्या ज्योतीवर ठेवावेत. वरची साल जळून कोळसा होते, कडांतून गोडसर रस उकळत बाहेर येतो आणि कांदा दाबून मऊ लागला की काढून जळकी साल सोलावी. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवावी. तिच्या तेलाने ती क्षणभर पेट घेते, तेव्हा फुंकून विझवावी. हे कांदा-खोबरे, पंधराएक लसणाच्या पाकळ्या, पेरभर आले आणि देठांसकट मूठभर कोथिंबीर एकत्र वाटून घ्यावी. पाट्यावर वाटलेल्या मसाल्याला मिक्सरच्या मसाल्यापेक्षा तेल लवकर सुटते असे स्वयंपाकिणी सांगतात. आजच्या घरांत तो आग्रह कितपत धरावा हे ज्याने त्याने ठरवावे.

कढईत दोन पळ्या शेंगदाण्याचे तेल तापवून हे वाटण मंद आचेवर परतावे. त्यात दोन चमचे काळा मसाला आणि नंदुरबारच्या बाजारातील लाल मिरचीची पूड घालावी. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ आहे आणि तेथील परिसरात हंगामात मिरच्यांच्या पथाऱ्या जमिनीला लाल करून टाकतात. वाटणाचा कच्चा वास जाऊन कडेने तेल सुटेपर्यंत परतण्यास 12 ते 15 मिनिटे लागतात. मग तीन वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून रस्सा आणखी दहा मिनिटे उकळावा, म्हणजे वर तर्री येते.

काट्याचे तुकडे या टप्प्याआधीच रश्शात टाकले जातात. हाडाच्या आधाराने ते उकळी सोसतात आणि त्यांचा अर्क रश्शात उतरतो. कापांना हा आधार नाही. म्हणून रस्सा पूर्ण तयार होऊन, त्याची चव पाहून, आच अगदी मंद केल्यावर काप एका थरात अलगद सोडावेत, झाकण ठेवावे आणि 5 ते 6 मिनिटांत कढई उतरवावी. मध्ये डाव घालू नये; हलवायचेच असेल तर कढई दोन्ही कानांनी धरून गोल फिरवावी. कापांचा अर्क कमी असल्यामुळे रस्सा पातळ चवीचा वाटतो. रोहूचे डोके व कणा पाण्यात 20 मिनिटे उकळून ते पाणी रश्शाला वापरल्यास ही उणीव भरून निघते आणि माशाचे डोके वेगळे विकत आणण्याची गरजही पडत नाही, कारण मासळीवाला ते बहुधा तसेच देतो. आंबटपणासाठी शेवटी चमचाभर आमचूर घालावे. अक्राणी भागातील पाड्यांवर उन्हाळ्यात कैऱ्यांचे काप वाळवून ते तयार करतात. चिंचेपेक्षा त्याची आंबट चव कोरडी असते व ती काळ्या मसाल्याला दबत नाही.

तव्यावरचे काप

जेवणात सुरुवातीला वाढण्यासाठी तव्यावरचे काप अधिक शोभतात. लसूण, हिरवी मिरची, जिरे व मीठ खलबत्त्यात जाडसर ठेचून लिंबाच्या रसात कालवावे, कापांना दोन्ही बाजूंनी लावून दहा मिनिटे ठेवावे. वरून ज्वारीचे पीठ भुरभुरावे. मैद्याचा थर चामट होतो. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने तिचा थर कोरडा आणि खुसखुशीत बनतो. खानदेशात रब्बीत पिकणाऱ्या दादर ज्वारीचे पीठ असेल तर फारच चांगले.

लोखंडी तवा चांगला तापल्यावर तेल सोडावे आणि काप ठेवल्यावर त्याला हात लावू नये. सुरुवातीला पाण्याचा चरचराट मोठा असतो. तो बारीक होऊ लागला म्हणजे पृष्ठभाग कोरडा झाला आणि पिठाला रंग येऊ लागला असे समजावे. दोन सेंटिमीटर जाडीच्या कापाला पहिल्या बाजूने 4 व उलटल्यावर 2 मिनिटे पुरतात. काप तव्याला चिकटून असेल तर तो अजून तयार नाही. खरपूस झाल्यावर तो आपोआप सुटतो. एका वेळी तवा भरून काप टाकल्यास तवा थंड पडतो आणि मासा भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतो. सगळ्यांना एकदम वाढण्याच्या घाईत ही चूक हटकून होते.

पानातले काप

सातपुड्यातील पाड्यांवर मासे पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजण्याची रीत आहे. दक्षिण गुजरातेत पारशी घरांत हिरव्या चटणीचे लेप दिलेले मासे केळीच्या पानात वाफवतात. जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध असल्याने रावेर-यावलकडच्या घरांना पान शोधत हिंडावे लागत नाही. पान ज्योतीवरून फिरवले की ते लवचिक होते व घडी घालताना फाटत नाही. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि लिंबू यांची घट्ट चटणी कापाला सर्व बाजूंनी लावून पुडी बांधावी आणि चाळणीवर 8 ते 10 मिनिटे वाफवावी. ओव्हन असल्यास 200 अंशांवर 12 ते 15 मिनिटे लागतात. भरताची वांगी जशी पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजतात तसा मासा भाजण्याचा मोह होतो, पण पऱ्हाटीचा जाळ प्रखर आणि अल्पजीवी असतो. वांग्याला जाड सालीचे कवच असते, बिनकातडीच्या कापाला नसते. पुडी जाळावर न ठेवता जाळ बसल्यानंतरच्या निखाऱ्यावर ठेवावी.

वाढणी

रश्शाबरोबर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाची) भाकरी, कच्चा कांदा आणि लिंबू असतात. तव्यावरच्या कापांबरोबर ठेचा पुरे. पुष्कळ खानदेशी घरांत मासळी खाणारे व न खाणारे एकाच छताखाली राहतात, त्यामुळे मासळीची भांडी वेगळी ठेवून अंगणातल्या चुलीवर स्वयंपाक करण्याची पद्धत आहे, आणि श्रावणात ती चूल बहुधा थंड असते. शिजलेले काप दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर रबरासारखे लागतात, म्हणून ते त्याच वेळी संपवावेत. रस्सा उरल्यास काप काढून घेऊन तो लगेच थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी तो खळखळून उकळून त्यात जाड तिखट शेव घातली की न्याहारीची शेवभाजी तयार होते.