मीटरमधले २९ पैसे

‘रिक्षात बसलं की २६ रुपये गेलेच, अंतराचे पैसे त्यावर,’ असं मुंबईत अनेकजण धरून चालतात. हे २६ रुपये म्हणजे विजेच्या बिलातल्या स्थिर आकारासारखे, असा समज. १ फेब्रुवारी २०२५पासून लागू झालेले दर घेऊन तो तपासू. आठवीचं बीजगणित पुरेल.

पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४. सिग्नलला थांबण्याचे पैसे सध्या सोडून देऊ. एकूण अंतर क्ष किलोमीटर, दीडपेक्षा जास्त, तर:

भाडं = २६ + १७.१४ (क्ष − १.५)

कंसात नुसता क्ष नाही, कारण पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे २६ मध्ये आलेच आहेत. आता कंस सोडवा. १७.१४ ने क्षलाही गुणायचं आणि दीडलाही (दुसरं हमखास विसरलं जातं). दीड गुणिले १७.१४ म्हणजे २५.७१. ते २६ मधून वजा केले की:

भाडं = १७.१४क्ष + ०.२९

स्थिर आकार उरला २९ पैसे! दीड किलोमीटर ओलांडलं की तुम्ही पहिल्या मीटरपासून सरळ १७.१४ च्याच दराने पैसे देता. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये आणि २०.६६ चा दर घेऊन हेच करा, उरतो एक पैसा. किमान भाडं म्हणजे दीड किलोमीटरचंच भाडं, पूर्ण रुपयांत केलेलं. भुर्दंड बसतो तो त्याच्या आत उतरणाऱ्याला.

इथे २६ जवळजवळ गळून पडले; क्षच गळून पडण्यावर व्हॉट्सअ‍ॅपचे चमत्कार चालतात. ‘जन्मवर्ष आणि वय मिळवा, सगळ्यांचं उत्तर २०२५, हजार वर्षांतून एकदाच!’ जन्मवर्ष क्ष, तर २०२५ मध्ये पूर्ण होणारं वय २०२५ − क्ष. बेरीज दुसरं काय येणार? दरवर्षी हेच होतं.

आता उलटं. मीटर ११२ दाखवतोय, अंतर किती?

१७.१४क्ष + ०.२९ = ११२

‘०.२९ पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ असं घोकलेलं असतं. पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंतून ०.२९ वजा केले, डावीकडे ०.२९ च्या जागी शून्य उरलं, उजवीकडे वजाबाकी दिसली, एवढंच. चिन्हावर भिस्त ठेवणारा पुढे १७.१४ सुद्धा ‘पलीकडे’ नेऊन वजा करतो. १७.१४ ने क्षला गुणलेलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना त्याने भागायचं: १११.७१ भागिले १७.१४, साधारण साडेसहा किलोमीटर.

मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत २५ टक्के जादा, म्हणजे सगळ्या भाड्याला १.२५ ने गुणायचं. रात्री १४० रुपये झाले, तर अंतर काढायला १४० चे २५ टक्के वजा करू नका; १०५ येतील आणि अंतर ६.१ किलोमीटर निघेल. १.२५ ने भागा. ११२ येतात, म्हणजे तेच साडेसहा किलोमीटर.