डिझाईन घरी करताय? छपाईला देण्याआधी एवढं वाचा

लग्नपत्रिका, उद्घाटनाचं हँडबिल, मंडळाचा अहवाल... हल्ली आमच्या छापखान्यात बरेच ग्राहक डिझाईन घरूनच करून आणतात. आमची अजिबात हरकत नाही. उलट मजकूर तुमच्या हातचा असला की प्रूफमध्ये (छपाईआधीच्या तपासणीच्या प्रतीत) नावांच्या चुका कमी निघतात. घोडं अडतं ते फाइलपाशी.

साधन कोणतं?

हँडबिल, पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड यांना कॅनव्हा या ऑनलाइन डिझाईन साधनाची मोफत आवृत्ती पुरते, मोबाइलवरही चालते. मुकुटाची खूण असलेली चित्रं मात्र पैसे भरल्याशिवाय वापरू नका, त्यांवर वॉटरमार्क राहतो. लोगो तिथल्या तयार चित्रांतून करू नका. तेच चित्र उद्या समोरच्या दुकानाच्या पाटीवर दिसेल, आणि कॅनव्हाच्या नियमांनुसार त्याचा ट्रेडमार्कही तुम्हाला घेता येत नाही. लोगोला इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर घ्या. तेही मोफत आहे, फक्त कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं लागतं आणि हात बसायला वेळ लागतो. पण त्यात काढलेला लोगो कार्डावरून फ्लेक्सवर एवढा मोठा केला तरी त्याच्या कडा फुटत नाहीत.

आकार आणि कडा

आकार आधी ठरवा, कारण झालेल्या डिझाईनचा आकार बदलायची सोय कॅनव्हाच्या पैसेवाल्या आवृत्तीत आहे. ए५ हँडबिल १४८ × २१० मिमी, व्हिजिटिंग कार्ड साधारण ३.५ × २ इंच. पार्श्वभूमीचा रंग कागदाच्या कडेपर्यंत हवा असेल तर तो चारही बाजूंनी ३ मिमी बाहेर न्या (यालाच ब्लीड म्हणतात), नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ राहते. फोन नंबर, पत्ता कडेपासून किमान ५ मिमी आत. डाउनलोड करताना 'पीडीएफ प्रिंट' निवडा आणि 'क्रॉप मार्क्स अँड ब्लीड'वर टिक करा. स्क्रीनशॉट कृपया आणू नका.

फोटो ३०० डीपीआयचा (दर इंचाला ३०० ठिपके) हवा. म्हणजे पूर्ण ए५ पान भरणारा फोटो १७४८ × २४८० पिक्सेलचा तरी असावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होऊनच येतो. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. गुगलवर सापडलेला फोटो थेट उचलण्यापेक्षा अनस्प्लॅश किंवा पेक्सेल्स या फोटोंच्या साइटवर शोधा, तिथले मोफत वापरता येतात.

रंगाबद्दल एकच सांगणं: मोबाइलवर झगझगीत दिसणारा पोपटी किंवा निळा कागदावर तसा येत नाही. स्क्रीन रंग प्रकाशातून दाखवते, आम्ही चार शाईंतून. मोठी ऑर्डर असेल तर एक प्रत आधी काढून बघाच.

मराठी अक्षरं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॅनव्हात किंवा गुगल स्लाइड्समध्ये चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) टाइप करा, मोबाइलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट मोफत आहेत. ठळक मथळ्याला बलू, बाकी मजकुराला मुक्ता छान दिसतो. पण अनेक देवनागरी फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात आणि पत्रिका हातात घेतल्यावर आजोबांना ते बरोबर खटकतं. आपल्या वळणाची अक्षरं हवीत तर गुगल फॉन्ट्सवरचा 'तिरो देवनागरी मराठी' वापरून पाहा. 'सुट्ट्या', 'दुसऱ्या', 'कार्यक्रम' हे तीन शब्द आधी टाइप करा. जोडाक्षर तुटलं तर फॉन्ट बदला.

प्रेझेंटेशन असेल तर

गुगल स्लाइड्स पुरेसं आहे. चौघांना एकाच वेळी काम करता येतं. फक्त सभागृहातल्या लॅपटॉपवर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही, म्हणून पीपीटीबरोबर पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर ठेवा. तिथल्या इंटरनेटवर विसंबू नका.

फाइल तपासून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. छपाईच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणलीत तर दुरुस्तीला वेळ मिळतो.