टर्मिनलवरच्या फाइल-कमांड कशा घडल्या

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात लिनक्सचे प्रात्यक्षिक सुरू झाले की विद्यार्थ्यांच्या वहीत एलएस (फाइलींची यादी दाखवणे), सीपी (नक्कल करणे), एमव्ही (हलवणे), आरएम (पुसणे) आणि सीडी (डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचा कप्पा, बदलणे) या कमांड सर्वांत आधी उतरतात. तोंडी परीक्षेसाठी त्या पाठही होतात. मात्र त्यांचे रूप कोणी सवडीने आखलेले नसून अपुऱ्या यंत्रांवर काम उरकताना ते घडत गेले, हे क्वचितच सांगितले जाते.

डिरेक्टरीच्या आत डिरेक्टरी ही रचना मल्टिक्स या संगणकप्रणालीच्या प्रकल्पात १९६५ मध्येच मांडली गेली होती. बेल लॅब्स ही अमेरिकन संशोधन संस्था त्यातून १९६९ मध्ये बाहेर पडली आणि केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा संगणकावर युनिक्सची, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर घडले त्या प्रणालीची, उभारणी सुरू केली. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत एलएस, सीपी, एमव्ही, आरएम ही नावे आजच्याच रूपात आढळतात. त्या काळचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे कागदावर उमटवी, त्यामुळे नावे तोकडी असणे आणि काम झाल्यावर काहीही न छापणे, दोन्ही सोयीचे होते. आरएमने निमूटपणे फाइल पुसून टाकावी, हे आज नवशिक्याला जाचते.

सीडीची हकिगत अधिक रंजक आहे. तिचे मूळ नाव सीएचडीआयआर (चेंज डिरेक्टरी). युनिक्समध्ये प्रत्येक कमांडसाठी स्वतंत्र प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) निर्माण करण्याची पद्धत आली, तेव्हा ती अचानक चालेनाशी झाली. बराच शोध घेतल्यावर, आणि रिची यांनीच पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, असे लक्षात आले की नवी प्रोसेस आपली डिरेक्टरी अगदी बरोबर बदलत होती, परंतु लगेच संपत होती, आणि तिला जन्म देणारे शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) होते तेथेच राहत होते. म्हणून ही कमांड शेलच्या पोटात घ्यावी लागली. आजही ती तेथेच आहे.

नावाच्या आरंभी टिंब असलेल्या फाइली एलएस दाखवत नाही, हे तर निव्वळ आळसाचे फळ. चालू आणि वरच्या डिरेक्टरीच्या ‘.’ आणि ‘..’ या नोंदी यादीत येऊ नयेत म्हणून पूर्ण नाव तपासण्याऐवजी फक्त पहिले अक्षर तपासले गेले, असे बेल लॅब्समध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी सांगितले आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एमएस-डॉस प्रणालीत उपडिरेक्टरी १९८३ च्या २.० आवृत्तीत आल्या, आणि युनिक्समध्ये फाइलचा मार्ग लिहिताना वापरतात ती पुढे झुकलेली तिरकी रेघ (/) तेथे आधीच कमांडच्या पर्यायांसाठी वापरात असल्याने मार्ग लिहिताना उलटी रेघ (\) घ्यावी लागली.

आपल्याकडे अहिराणी ओव्या टंकून ठेवणाऱ्याला फाइलचे नाव देवनागरीत देता येते, यामागे दोन कारणे आहेत. युनिक्सचा गाभा नावाकडे केवळ बाइटची (संगणकातील साठवणीच्या छोट्या एककांची) माळ म्हणून पाहतो. तिरकी रेघ आणि शून्य बाइट वगळता त्याला काहीही चालते. शिवाय थॉम्पसन व पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीची रचना केली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट घेते. सत्तरच्या दशकातील युनिक्सची फाइलच्या नावासाठीची १४ बाइटची मर्यादा टिकली असती, तर ‘धुळे’ हे नाव १२ बाइटमध्ये बसले असते आणि १५ बाइटचे ‘जळगाव’ बसले नसते. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीने १९८३ मध्ये ही मर्यादा २५५ वर नेली, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे.