मॉन्टे कार्लोची पुरुष एकेरी : सक्तीविना टिकलेल्या प्रतिष्ठेची पार्श्वभूमी

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये चार ग्रँड स्लॅमच्या खालोखाल मान असलेल्या नऊ मास्टर्स १००० स्पर्धांपैकी आठ स्पर्धांत वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना हजेरी बंधनकारक असते. दरवर्षी एप्रिलमध्ये लाल मातीवर होणारी मॉन्टे कार्लोची स्पर्धा तेवढी या सक्तीतून मोकळी आहे. तरीही जगातील पहिल्या दहांपैकी बहुतेक जण तिथे उतरतात आणि तिथल्या विजेत्याला आजही मातीच्या हंगामाचा पहिला मोठा मानकरी समजले जाते. ही प्रतिष्ठा नियमाने आलेली नाही. ती कशी आली, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावे लागते.

त्या काळी युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, श्रीमंत कुटुंबे कडाक्याची थंडी टाळण्यासाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे रिव्हिएरावर, मुक्कामाला येत आणि येताना आपले खेळही बरोबर आणत. याच किनाऱ्यावरच्या मोनॅको या चिमुकल्या राज्यात (मॉन्टे कार्लो हा त्याचाच भाग) १८९३ साली टेनिस क्लब सुरू झाला तेव्हा त्याची कोर्ट्स ‘हॉटेल द पारी’च्या मद्याच्या तळघरांवरील छतावर आखलेली होती. चार वर्षांनी, १८९७ मध्ये, पहिली स्पर्धा झाली. ती इंग्लंडच्या रेजिनाल्ड डोहर्टीने जिंकली आणि पुढची दोन वर्षेही विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. १९०० आणि १९०१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ लॉरेन्स विजेता ठरला. पहिल्या दशकात या दोघा भावांनी मिळून नऊ विजेतीपदे नेली, त्यांतील सहा थोरल्याची होती. त्यांच्यानंतर न्यूझीलंडच्या अँथनी वाइल्डिंगचे पर्व आले. १९०८ मध्ये आणि मग १९११ पासून सलग चार वर्षे तो जिंकला, आणि १९१५ च्या मे महिन्यात पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर मारला गेला. ही सगळी मंडळी विम्बल्डनच्या हिरवळीवरची विजेती होती. मॉन्टे कार्लो हा त्यांच्यासाठी उन्हाळ्यापूर्वीचा सराव आणि समाजात मिरवण्याचे ठिकाण होते. मातीवरच्या खेळाचे स्वतंत्र शास्त्र तेव्हा कोणी मांडलेले नव्हते.

मातीचे कोर्टही याच किनाऱ्याचे अपत्य आहे. विम्बल्डन गाजवणाऱ्या रेनशॉ बंधूंनी १८८० च्या सुमारास कान येथे उन्हाने करपणारे गवत झाकण्यासाठी कोर्टवर भाजलेल्या मातीच्या भांड्यांची भुकटी पसरवली, अशी हकीकत सांगितली जाते. हकीकतीतला रंग बाजूला ठेवला, तरी कोरड्या हवेच्या प्रदेशात गवत राखण्यापेक्षा विटांचा चुरा परवडतो, हे व्यवहारज्ञान खरेच होते. आजही ‘लाल माती’ म्हणून जे दिसते तो विटांच्या बारीक चुऱ्याचा अगदी पातळ थर असतो आणि खालचा पाया चुनखडीसारख्या दगडी भुकटीचा असतो. या चुऱ्यावर चेंडूचा वेग मंदावतो आणि उसळी वाढते, त्यामुळे कठीण पृष्ठभागावर हमखास गुण देणारी सर्व्हिस इथे परत येऊ शकते. बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन पाहिलेल्यांना मातीवरचे सामने वेगळ्याच खेळाचे वाटतील, कारण बालेवाडीचे कोर्ट हार्ड, म्हणजे कठीण पृष्ठभागाचे, आहे. मातीवर पाय घसरवत फटक्यापर्यंत पोहोचावे लागते आणि एकेक गुण कमावण्यासाठी पंधरा-वीस फटक्यांची तयारी ठेवावी लागते.

स्पर्धेला कायमचे घर मिळाले ते १९२८ मध्ये, मॉन्टे कार्लो कंट्री क्लबच्या उभारणीनंतर. अमेरिकी धनिक जॉर्ज बटलर यांचा त्यामागे पुढाकार होता. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी कोर्ट्स आणि त्यांच्या मागे पसरलेला भूमध्य समुद्र हे चित्र तेव्हापासून आजतागायत फारसे बदललेले नाही. ही जागा मोनॅकोच्या हद्दीत नाही, ती शेजारच्या रोकब्रुन-काप-मार्तँ या फ्रेंच गावात आहे. म्हणजे मोनॅकोचा राजपुत्र ज्या स्पर्धेचा चषक देतो, ती होते फ्रान्समध्ये.

इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीने १९६१, १९६७ आणि १९६८ मध्ये इथे विजेतेपद मिळवले. व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंमधील भिंत पडून दोघांना एकाच स्पर्धेत खेळता येऊ लागल्यावर रुमानियाच्या इली नस्तासेने १९७१ ते १९७३ अशी हॅटट्रिक साधली. स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग १९७७, १९७९ आणि १९८० मध्ये जिंकला आणि १९८३ मध्ये निवृत्ती जाहीर केल्यावर निरोपाचा सामना म्हणून त्याने हीच स्पर्धा निवडली. तिथे फ्रान्सच्या आंरी लकाँतने त्याला हरवले. दरम्यान १९८१ ची नोंद विचित्र आहे. अर्जेंटिनाचा गिलेर्मो व्हिलास आणि अमेरिकेचा जिमी कॉनर्स यांची अंतिम लढत पहिल्या सेटमध्ये ५-५ अशा बरोबरीत असताना पावसाने थांबली आणि पुन्हा सुरू झालीच नाही, त्यामुळे त्या वर्षी विजेता कोणीच नाही. एप्रिलची रिव्हिएरावरची हवा किती बेभरवशाची असते, याचा हा कायमचा पुरावा होय.

जुन्या पद्धतीच्या, पाच सेटच्या अंतिम सामन्यांपैकी १९९५ चा सामना या स्पर्धेचे स्वरूप सर्वांत चांगले सांगतो, असे माझे मत आहे. ऑस्ट्रियाचा थॉमस मुस्टर उपांत्य फेरीत इटलीच्या आंद्रेआ गाउडेन्झीला हरवून इतका थकला होता की त्याला रुग्णालयात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी तो उतरला आणि जर्मनीच्या बोरिस बेकरविरुद्ध पहिले दोन सेट हरला. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, बेकर दोनदा विजयापासून एकाच गुणावर होता. त्यांतल्या एका वेळी त्याने दुसरी सर्व्हिसही पूर्ण ताकदीने मारली, तीही चुकली आणि डबल फॉल्टमुळे गुण मुस्टरला मिळाला. मुस्टरने तो सेट घेतला आणि पाचवा ६-० असा जिंकला. बेकरला कारकिर्दीत मातीवर एकही विजेतेपद मिळाले नाही. हिरवळीवर ज्या धाडसाने त्याला वैभव दिले, त्याच धाडसाने इथे त्याचा घात केला. त्या उपांत्य फेरीत हरलेला गाउडेन्झी २०२० पासून पुरुष टेनिसची सूत्रे सांभाळणाऱ्या एटीपीचा अध्यक्ष आहे, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे.

यानंतरचे पर्व राफाएल नदालचे. २००३ मध्ये अर्जेंटिनाच्या गिलेर्मो कोरियाकडून इथे हरलेला हा मुलगा २००५ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याच कोरियाला अंतिम फेरीत नमवून विजेता झाला आणि मग २०१२ पर्यंत सलग आठ वर्षे कोणाला दाद दिली नाही. लागोपाठ ४६ सामने जिंकल्यावर २०१३ च्या अंतिम फेरीत नोव्हाक जोकोविचने ६-२, ७-६ अशी ती मालिका तोडली. २०१६ ते २०१८ या तीन विजयांसह नदालची संख्या अकरावर गेली. रॉजर फेडररच्या वाट्याला मात्र चार अंतिम सामने आणि चारही पराभव आले, त्यांतले तीन २००६ पासून ओळीने नदालकडून आणि चौथा २०१४ मध्ये आपल्याच देशाच्या स्टॅन वावरिंकाकडून. २००६ चा त्यांचा अंतिम सामना हा इथला पाच सेटच्या पद्धतीचा शेवटचा सामना होता. पुढच्या वर्षीपासून तीन सेटची पद्धत आली.

नदालच्या वर्चस्वाच्या ऐन भरात स्पर्धेचे स्थानच धोक्यात आले होते. २००९ पासूनच्या नव्या रचनेत मॉन्टे कार्लो आणि हॅम्बर्ग या दोन्ही मातीवरच्या स्पर्धांचा दर्जा खाली आणण्याचा विचार एटीपीने २००७ मध्ये मांडला. प्रमुख खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली आणि दोन्ही आयोजकांनी अमेरिकेत न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. मॉन्टे कार्लोने मध्येच तडजोड केली : मास्टर्स १००० चे क्रमवारीतील गुण कायम, पण हजेरीची सक्ती नाही. हॅम्बर्ग लढत राहिले, २००८ मध्ये खटला हरले आणि त्याची स्पर्धा जुलैत ढकलली गेली. सक्तीविनाही खेळाडू येतील, हा मॉन्टे कार्लोचा हिशेब बरोबर निघाला. त्यामागे एक अगदी व्यवहारी कारणही आहे. मोनॅकोत रहिवाशांना वैयक्तिक प्राप्तिकर नसल्याने अनेक अव्वल खेळाडूंनी तिथेच बिऱ्हाड केले आहे आणि ही स्पर्धा त्यांच्या घराजवळची आहे.

खेळाडू येण्याचे दुसरे कारण मे महिन्यात पॅरिसमध्ये लाल मातीवरच सुरू होणाऱ्या फ्रेंच ओपनच्या तयारीचे. नदालने आपल्या अकरा विजयांपैकी नऊ वर्षी पॅरिसही जिंकले. नस्तासेने १९७३ मध्ये, बोर्गने १९७९ आणि १९८० मध्ये, स्पेनच्या सर्जी ब्रुगेराने १९९३ मध्ये, मुस्टरने १९९५ मध्ये, ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने २००१ मध्ये आणि स्पेनच्या हुआन कार्लोस फेररोने २००३ मध्ये ही दुहेरी किमया केली होती. पण हे समीकरण पक्के मानू नये. मॅट्स विलँडर आणि इव्हान लेंडल यांनी दोन्ही स्पर्धा अनेकदा जिंकल्या, तरी एकाच वर्षी कधीच नाही. ग्रीसच्या स्टेफानोस त्सित्सिपासने २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये मॉन्टे कार्लो जिंकूनही पॅरिसचे विजेतेपद त्याच्यापासून दूरच राहिले.

भारतीयांच्या दृष्टीने २०२४ चे वर्ष महत्त्वाचे ठरले. पात्रता फेरीतून आलेल्या सुमित नागलने मुख्य फेरीत इटलीच्या मात्तेओ आर्नाल्डीला पहिला सेट गमावूनही हरवले, तेव्हा मातीवरच्या मास्टर्स १००० स्पर्धेच्या एकेरीत मुख्य फेरीचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. पुढच्या फेरीत डेन्मार्कच्या होल्गर रूनने त्याला तीन सेटमध्ये रोखले.

माद्रिद आणि रोमच्या स्पर्धा आता ९६ खेळाडूंच्या आणि जवळजवळ दोन आठवड्यांच्या झाल्या असताना मॉन्टे कार्लो ५६ खेळाडूंवर आणि एका आठवड्यावर थांबलेले आहे. पहिल्या आठ मानांकितांना दुसऱ्या फेरीत थेट प्रवेश मिळतो. २०२५ मध्ये स्पेनच्या कार्लोस अल्काराझने इटलीच्या लोरेन्झो मुसेत्तीला पहिला सेट गमावल्यावर ३-६, ६-१, ६-० असे हरवून इथले पहिले विजेतेपद मिळवले आणि त्याच हंगामात रोम व पॅरिसही जिंकले.