शेळ्यांचा संतुलित आहार

शेळीचे वय, वजन आणि अवस्था पाहून दिलेला हिरवा चारा, वाळलेला चारा, खुराक, खनिजे आणि पाणी यांचा मेळ म्हणजे तिचा संतुलित आहार. शेळी रवंथ करत असली तरी गायीसारखी गवतावर विसंबत नाही. ती मुळात पाला खाणारी. बाभळीखाली सोडली की मागच्या पायांवर उभी राहते, पुढचे पाय खोडावर टेकवते आणि काट्यांमधला कोवळा पाला ओठांनी अलगद खुडते. दोन-चार घास घेतले की दुसऱ्या झाडाकडे वळते. जमिनीवर टाकलेला, लेंड्या-मुताने माखलेला चारा मात्र ती सहसा खात नाही. म्हणून गव्हाण उंचावर हवी किंवा पाल्याची पेंढी टांगलेली बरी.

धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या पट्ट्यातली उस्मानाबादी शेळी बहुधा दिवसा चरून येते आणि संध्याकाळी गोठ्यात खाते. पूर्ण बंदिस्त असेल तर ३० किलोच्या शेळीला रोज साधारण ३ किलो हिरवा चारा, अर्धा किलो वाळलेला चारा आणि २०० ग्रॅम खुराक लागतो. हिरव्यात शेवरी, हादगा, दशरथ घास, लसूणघास यांच्या जोडीला मका. वाळलेल्यात तूर-हरभऱ्याचे भुसकट. कडबा द्यायचा तर कुट्टी करूनच, नाहीतर निम्मा पायदळी जातो. सुबाभळीत मिमोसीन हे विषारी द्रव्य असते. ती एकटीच खाऊ घातली तर केस गळतात, म्हणून हिरव्या चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या आत ठेवावा. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी तर चारूच नये. तिची किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा, लागून जनावर पाहता पाहता दगावते.

खुराक म्हणजे मक्याचा भरडा, शेंगदाणा किंवा सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा, खनिज मिश्रण आणि मीठ. सर्वाधिक चुका इथेच होतात. लग्नाचा उरलेला भात, पोळ्या किंवा मूठ सोडून घातलेले धान्य कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात, झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि धडधाकट शेळी एक-दोन दिवसांत मरते. खुराक वाढवायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा. पावसाळ्यातल्या कोवळ्या लुसलुशीत गवतावरही एकदम सोडू नये. आधी पोटात थोडे भुसकट जाऊ द्यावे. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात जिवाणूंचे विष तयार होण्याचा रोग, त्याची लस पावसाळ्याआधी टोचतात, ती याच दिवसांसाठी.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. करडाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि उस्मानाबादीत जुळी सर्रास होत असल्याने या दिवसांत खुराक वाढवावाच लागतो. दूध देणाऱ्या शेळीचे पाणीही वाढते. बोकडाला मात्र नुसत्या धान्यावर पोसू नये. चाऱ्यातले कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण बिघडून मूतखडा होतो.

जार (वार) पडेपर्यंत करडू आचळाला लावायचे नाही, ही समजूत अजून गावोगाव आहे आणि ती करडांच्या जिवावर उठते. चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पहिल्या तासाभरातच पोटात गेला पाहिजे, कारण करडाला रोगप्रतिकारशक्ती मिळते ती चिकातूनच आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता तासागणिक घटत जाते. दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे २ किलोच्या करडाला २०० मिली चीक तीन-चार वेळा विभागून पाजतात. पंधराव्या दिवसापासून जवळ कोवळा पाला टांगून ठेवला की करडू तो चघळायला लागते आणि कोटीपोटाची वाढ सुरू होते.