ओटीपी आणि ईईप्रॉम: गोंदण आणि मेंदी

ओटीपी म्हटलं की लातुरात कुणीही आधी मोबाइल बघतो. मी बोलतोय तो ओटीपी बँकेचा नव्हे. रास्पबेरी पाय म्हणजे एका बोर्डावरचा छोटा संगणक. अशा बोर्डाच्या मुख्य चिपमध्येच एक छोटी मेमरी असते, एकदाच लिहिता येणारी (वन टाइम प्रोग्रॅमेबल), तीच ही ओटीपी. तिची गल्लत हमखास होते ती ईईप्रॉमशी, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीशी. कारण उघड आहे: वीज गेली, एसडी कार्ड बदललं, तरी दोन्हींतलं लिहिलेलं तसंच राहतं.

ईईप्रॉम म्हणजे मेंदी. एक नक्षी गेली की दुसरी काढता येते. पाय ४ चा बूटलोडर, म्हणजे बोर्ड चालू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम, अशाच वेगळ्या चिपमध्ये असतो, म्हणून तो अपडेट होतो. ओटीपी म्हणजे आजीच्या हातावरचं गोंदण. ठिपका वाढवता येतो, पुसता येत नाही. प्रत्येक बिट शून्य किंवा एक असतो; शून्याचा एक होतो, एकाचा शून्य कधीच नाही. पाय ३ बी वर यूएसबीवरून बूट होण्याची सोय एकदा चालू केली की ओटीपीच्या १७ क्रमांकाच्या ओळीतला २९ क्रमांकाचा बिट कायमचा एक होतो. मग कार्ड कितीही वेळा फॉरमॅट करा.

खरी अडचण पुढे आहे. पेनड्राइव्ह लावला की तो स्वतःची ओळख सांगतो. या मेमरीचं तसं नाही. ती कुठे आहे हे लिनक्सला डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे याच्या यादीतून, सांगावं लागतं. आणि तिथे ओटीपी काय, ईईप्रॉम काय, दोन्ही एनव्हीमेमच्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीसाठी लिनक्समधली सोय) एकाच चौकटीत बसतात. नोंदही जवळपास सारखीच: ड्रायव्हर कोणता, आतला कप्पा कितव्या बाइटपासून, किती बाइटचा. मॅक अ‍ॅड्रेस असेल तर ६ बाइट. पायची ओटीपी मोजतात ३२ बिटांच्या ओळींनी, डिव्हाइस ट्री मोजते बाइटनी. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत ३६ ते ४३ या ८ ओळी आपल्यासाठी मोकळ्या आहेत, म्हणजे ३२ बाइट. बाइट शून्यापासून मोजतात, म्हणून त्यातली दुसरी ओळ सुरू होते ४ क्रमांकाच्या बाइटपासून. ओळ समजून तिथे १ लिहिलं की सगळं वाचन सरकतं.

नोंदीत ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचा, लिहू नका) लिहिण्याची सोय आहे. ईईप्रॉमला ते राहिलं तरी निभावतं. ओटीपीला मात्र ते लिहायला विसरू नका.

आमचे बोर्ड सोयाबीनच्या रानातली ओल मोजतात, प्रत्येकाचा नंबर ओटीपीत. निलंग्याच्या बोर्डाला ६ द्यायचा होता, पोरानं ५ लिहिला. चूक कळल्यावर त्यानं वरून ६ लिहिला, ईईप्रॉमवर लिहितात तसा. वाचून बघितलं तर ७! बिटांत ५ म्हणजे १०१, ६ म्हणजे ११०. दोघांचे ठिपके मिळून १११. आणि ७ नंबर औशाच्या बोर्डाला आधीच दिलेला.

मग कागद घेऊन बसलो. सातावर आणखी ठिपके देऊन कोणते नंबर होतात? १५, २३, ३१. पंधरा मोकळा होता. निलंग्याचा बोर्ड आता १५ आहे.