युद्धनियमांबाबत राष्ट्रांचे दायित्व

जखमी व आजारी सैनिक, जहाज फुटून समुद्रात सापडलेले नौसैनिक, युद्धकैदी आणि सामान्य नागरिक यांना युद्धकाळात संरक्षण देणारे नियम स्वतः पाळणे व इतरांकडूनही पाळले जातील असे पाहणे, हे राष्ट्रांवरील कायदेशीर बंधन. १२ ऑगस्ट १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांचा पहिला अनुच्छेद याच बंधनाचा असून सर्वत्र त्याचा मजकूर एकच आहे. करारात सामील झालेली राष्ट्रे ‘सर्व परिस्थितींत’ कराराचा मान राखतील आणि तो राखला जाईल याची तजवीज करतील, असे त्यात म्हटले आहे. आज १९६ राष्ट्रे या करारांनी बांधलेली आहेत.

‘सर्व परिस्थितींत’ हे शब्द मोठी किंमत मोजून आले. १९०७ चा जमिनीवरील युद्धाविषयीचा हेग करार युद्धातील झाडून सगळे देश त्यात सामील असतील तरच लागू होत असे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघ १९२९ च्या युद्धकैदीविषयक करारात नव्हता. जर्मनीने हीच सबब पुढे केली आणि लाखो सोव्हिएत कैदी उपासमार, थंडी व गोळीबार यांत मेले. बहुतेक इतिहासकार हा आकडा तीस लाखांच्या वर सांगतात. आता समोरच्याने नियम मोडला म्हणून त्याचा सूड कैद्यांवर किंवा जखमींवर उगवता येत नाही. आपली बाजू न्यायाची आहे, या दाव्यानेही कोणाला सूट मिळत नाही.

हे दायित्व घरापासून सुरू होते. सैन्याला हे नियम शांततेच्या काळातच शिकवायचे, देशात तसा कायदा करायचा आणि गंभीर उल्लंघन करणारा कोणत्याही देशाचा असला तरी त्याला शोधून त्याच्यावर खटला भरायचा किंवा त्याला खटला चालवणाऱ्या राष्ट्राच्या हवाली करायचे. भारताने १९५० मध्ये करारांना मंजुरी दिली आणि १९६० मध्ये जिनिव्हा करार अधिनियम केला. या अधिनियमाखालील गुन्ह्याची दखल न्यायालय शासनाच्या तक्रारीवरूनच घेऊ शकते. पीडिताला स्वतः दाद मागण्याची वाट त्यात नाही, हा या कायद्यातला सर्वांत दुबळा भाग.

गोव्यातील एका प्रकरणात हे स्पष्ट झाले. डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाईनंतर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलेल्या एका पाद्र्यांवर परवान्याविना राहिल्याबद्दल खटला झाला; त्यांनी लष्करी ताब्यातील प्रदेशातल्या नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो अमान्य केला. गोवा भारतात विलीन झाल्यावर लष्करी ताबा संपला, असे न्यायालयाने ठरवले. कराराचा मान राखण्याची जबाबदारी भारत सरकारने घेतली आहे, पण अधिनियमाने व्यक्तीला न्यायालयात बजावता येईल असा हक्क दिलेला नाही, असेही त्याने सांगितले.

खरा वाद आहे तो दुसऱ्यांच्या युद्धाबाबत. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात निकाल दिला. अमेरिकेने निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांपर्यंत एक पुस्तिका पोहोचवली होती. न्यायाधीश, पोलीस अशा निवडक लोकांना हिंसेने ‘निकामी’ करण्याचा सल्ला तीत होता. बंडखोरांची कृत्ये ही अमेरिकेचीच कृत्ये, असे न्यायालयाने मानले नाही. तरीही अशा कृत्यांना उत्तेजन देऊन अमेरिकेने मानवतावादी कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांचा भंग केला, असे ठरवले. शस्त्र दुसऱ्याच्या हातात दिल्याने आपली जबाबदारी संपते, या समजुतीला हा निकाल छेद देतो.

व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात इस्रायल बांधत असलेल्या भिंतीबाबतच्या २००४ च्या सल्लामतात न्यायालय आणखी पुढे गेले: लढ्यात नसलेल्या राष्ट्रांनीही इस्रायलकडून कायदा पाळला जाईल असे पाहिले पाहिजे. रोझलिन हिगिन्स आणि पीटर कोइमान्स या न्यायाधीशांना मात्र पहिल्या अनुच्छेदाचा इतका व्यापक अर्थ पटला नाही, आणि अमेरिकाही तो मानत नाही. उल्लंघनाला मदत करू नये, एवढ्यावर फारसा वाद नाही. उल्लंघन थांबवण्यासाठी वजन किती खर्च करायचे, यावर मतभेद आहेत. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या मते ज्याचा प्रभाव जास्त, त्याच्याकडून अपेक्षाही जास्त. त्यामुळे शस्त्रे, पैसा किंवा प्रशिक्षण पुरवणारे राष्ट्र तटस्थ शेजाऱ्याइतके मोकळे राहत नाही.

मार्च २०२४ मध्ये निकाराग्वाने जर्मनीविरुद्ध याच न्यायालयाकडे इस्रायलला होणारा शस्त्रपुरवठा थांबवण्यासाठी तातडीचा आदेश मागितला. एप्रिलमध्ये न्यायालयाने तो देण्यास नकार दिला, पण त्याच निर्णयात सर्व राष्ट्रांना सशस्त्र संघर्षातील पक्षांना शस्त्रे पुरवण्याबाबतच्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय दायित्वांची आठवण करून दिली.